पाय आणि नजर

आइस हॉकीच्या पंचाने किती वर्षं काम करावं, याचं उत्तर नियमांच्या पुस्तकात नाही. खेळाडूचं तसं नसतं. त्याचा वेग उतरला की प्रशिक्षक त्याला बाकावर बसवतो, पुढच्या हंगामाचा करार येत नाही आणि विषय संपतो. पंच मात्र वर्षानुवर्षं काम करत राहू शकतो, कारण तो नेमका कधी उणा पडू लागला हे बाहेरून सहज कळत नाही. मी कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या रिंकवर चाळीस हंगामांच्या आसपास पंचगिरी केली. बहुतेक काळ लाइन्समन म्हणून, लहान मुलांच्या सामन्यांपासून मेजर ज्युनियरपर्यंत. माझ्याबरोबर एकाच खोलीत स्केट्स बांधणारे काहीजण पुढे एनएचएलमध्ये, म्हणजे इथल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये गेले. मी त्याच्या खालीच राहिलो आणि नोकरी सांभाळून शनिवार-रविवार या खेळाला दिले. आता मेजर ज्युनियर सोडून काही वर्षं झाली आहेत. थांबावं कधी, हा प्रश्न शेवटच्या दहाएक वर्षांत माझ्या मनातून हलत नव्हता. त्याबद्दल जे उमगलं ते लिहून ठेवतो आहे.

ज्यांनी हा खेळ टीव्हीवरही पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. पक म्हणजे कडक रबराची चकती, वजन साधारण १७० ग्रॅम. उसळू नये म्हणून सामन्याआधी ती गोठवून ठेवतात. खेळाडू पाऊण-एक मिनिट जीव तोडून खेळतो आणि धावता धावताच बदली होऊन बाकावर जातो. पंचाला बदली नसते. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव तो उभा असतो, आणि उभा म्हणजे सतत स्केटिंग करत, त्यातलं बरंचसं उलटं. एनएचएलमध्ये दोन रेफरी आणि दोन लाइन्समन असतात. पेनल्टी देणं हे रेफरीचं काम. ऑफसाइड (पकच्या आधी खेळाडूने समोरच्या संघाच्या ब्लू लाइनच्या आत शिरणं) आणि आयसिंग (आपल्या भागातून पक थेट पलीकडच्या टोकाला भिरकावणं) पाहणं, खेळ सुरू करताना म्हणजे फेसऑफला पक टाकणं आणि मारामारी सोडवणं हे लाइन्समनचं.

यातलं शेवटचं काम लोकांच्या लक्षात राहतं. दोन खेळाडूंनी हातमोजे टाकले की लाइन्समन लगेच मध्ये पडत नाही. ताज्या दमाने ठोसे चालू असताना मध्ये पडला तर त्याचाच जबडा जाईल. आम्ही दोघं दोन बाजूंनी जवळ सरकतो, पायाखाली पडलेल्या काठ्या आणि हातमोजे बाजूला ढकलतो आणि एकमेकांकडे बघतो. ते दमले किंवा एकजण खाली गेला की दोघांनी एकाच क्षणी शिरायचं, प्रत्येकाने आपला आपला माणूस धरायचा. एकाने आधी धरला तर त्याचे हात अडकतात आणि समोरचा मोकळा राहून मारतो. मग हात वरून घालून त्याला छातीशी आवळायचं आणि हलक्या आवाजात बोलत राहायचं, झालं, संपलं, चल आता. पंचविशीत मी हे करून पुढच्या फेसऑफला हसत उभा राहायचो. चाळिशीनंतर त्या रात्री घरी जिना चढताना कठडा धरावा लागे.

बाबा १९७४ साली साताऱ्याहून ऑन्टारिओतल्या किचनरला आले, एका कारखान्यातल्या नोकरीसाठी. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. शेजारच्या घरी जानेवारी आला की मागच्या अंगणात फळ्या ठोकून नळीने पाणी सोडायचे आणि सकाळपर्यंत रिंक तयार व्हायची. पाणी एकदम भरपूर सोडायचं नसतं, पातळ थर द्यायचा, तो गोठू द्यायचा, मग दुसरा. ते काम मला त्यांच्या मुलांपेक्षा चांगलं जमायचं, म्हणून मला तिथे प्रवेश मिळाला. खेळाडू म्हणून मी साधारणच होतो. पण उलटं स्केटिंग मला लवकर आलं, आणि चौदाव्या वर्षी कोणीतरी म्हणालं, याला शिट्टी द्या.

किचनरमध्ये त्या काळी फ्रँक उडवारी हे नाव पंचगिरी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ते जन्माने युगोस्लाव्हियाचे. लहानपणी इथे आले, इथेच वाढले आणि एनएचएलचे नावाजलेले रेफरी झाले. परदेशातून आलेलं पोर याच गावातून तिथवर पोहोचलं, ही गोष्ट माझ्या बाबांना फार महत्त्वाची वाटायची. हॉकी त्यांना फारशी कळत नसे, पण उडवारींबद्दल ते माझ्यापेक्षा जास्त बोलायचे. उडवारी १९६६ साली निवृत्त झाले आणि पंचांवर देखरेख करू लागले. १९७८ च्या डिसेंबरच्या अखेरीस लाँग आयलंडवर एक सामना चालू असताना रेफरी डेव्ह न्यूएल जखमी झाले. उडवारी तिथे निरीक्षक म्हणून आलेले होते. निवृत्तीला बारा वर्षं झाली होती, जवळ स्केट्सही नव्हते. तिथल्या आयलँडर्स संघाच्या ब्रायन ट्रॉटिएचे जादा स्केट्स घालून ते बर्फावर उतरले, आणि पुढे त्याच ट्रॉटिएने केलेला गोल त्यांनी नाकारला.

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. आमच्या गावात ही गोष्ट हसत हसत सांगितली जायची, स्केट्स देणाऱ्याचाच गोल काढून घेतला म्हणून. त्यातलं खरं मोठेपण मला फार उशिरा कळलं. चोपन्न-पंचावन्न वर्षांचा माणूस, बारा वर्षं सरावाबाहेर, दुसऱ्याचे स्केट्स, आणि गोलजवळच्या गर्दीत काय झालं ते त्याला नेमकं दिसलं. पाय गेले होते, नजर तिथेच होती.

नजर म्हणजे डोळे नव्हेत, हेही सांगून टाकतो. बिल चॅडविक १९५५ पर्यंत एनएचएलमध्ये रेफरी होते. त्यांना उजव्या डोळ्याने दिसत नव्हतं. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या पेनल्टीच्या हातखुणांची सुरुवात त्यांच्या नावावर आहे आणि हॉकी हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा मान आहे. एका डोळ्याने त्यांनी हे कसं केलं? मला वाटतं, जागेच्या निवडीने. कुठे उभं राहिलं की काय दिसेल, हे ज्याला आधी कळतं त्याला कमी दिसलं तरी पुरतं. आणि हे आधी कळणं वर्षांनीच येतं. पहिल्या पाच-सात हंगामांत पंच पकच्या मागे पळतो. पुढच्या पाच-सातांत त्याला खेळाडू दिसू लागतात. त्यानंतर कधीतरी त्यांच्या मनात काय आहे ते दिसू लागतं. कोणाला राग आला आहे, कोण बदला घेण्याची वाट बघतो आहे, कोणाचा खांदा आत वळला म्हणजे पास कुठे जाणार. हे पिकायला पंधरा वर्षं लागतात, आणि पिकतं तेव्हा गुडघे कुरकुरायला लागलेले असतात. या व्यवसायाचं सगळं दुःख या एका गोष्टीत आहे असं मला वाटतं.

किचनरहून तीसएक किलोमीटरवर ग्वेल्फ आहे. एनएचएलचे रेफरी बिल मॅक्रीरी तिथले, रे स्कॅपिनेलोही तिथलेच. स्कॅपिनेलो १९७१ ते २००४ अशी ३३ वर्षं एनएचएलमध्ये लाइन्समन होते. नियमित हंगामातले २५०० सामने त्यांनी केले आणि त्यांच्याबद्दल सांगतात ते असं, की नेमून दिलेला एकही सामना त्यांनी चुकवला नाही. निवृत्त झाले तेव्हा वय ५७. अंगापिंडाने छोटे, उंची बेताची. आमच्या भागातल्या प्रत्येक लाइन्समनने त्यांचं स्केटिंग पाहून पाहून गिरवलं आहे. लोक त्या २५०० आकड्याचं कौतुक करतात. मला ‘एकही चुकवला नाही’ जास्त मोठं वाटतं. फेब्रुवारीत, ताप अंगात असताना, आदल्या रात्रीचं विमान तीन तास उशिरा उतरलेलं असताना, जांघेतला स्नायू दुखत असताना लाइनवर वेळेत पोहोचणं काय असतं, हे मी माझ्या छोट्या प्रमाणात अनुभवलं आहे.

रेफरी केरी फ्रेझर २०१० साली थांबले, १९०४ सामने करून. मॅक्रीरी त्याच्या पुढच्या वर्षी, १७३७ करून. हे सगळे पन्नाशीच्या पुढे काम करत होते. तरण्या खेळाडूंच्या मध्ये, त्यांच्यापेक्षा दुप्पट-अडीचपट वयाचा माणूस. कुठल्या दुसऱ्या वेगवान खेळात असं सर्रास दिसतं? मला यामागे एक साधं कारण दिसतं. १९९८ नंतर टप्प्याटप्प्याने एनएचएलने एका सामन्याला दोन रेफरी आणले, आणि २००० पासून सगळ्याच सामन्यांना. एकाला दोनशे फूट सांभाळायचे होते ते दोघांत वाटले गेले. दुसरा रेफरी नजरेआडचे फटके पकडण्यासाठी आणला होता, पण त्याने अनेकांच्या पायांना काही वर्षं मिळवून दिली, असं माझं मत आहे.

लाइन्समनच्या बाबतीत मात्र उलट झालं. २००५ पर्यंत आपल्या भागातून मधली लाल रेषा ओलांडून लांबचा पास देता येत नसे. त्या वर्षी एनएचएलने ही अट काढली. आता एका टोकाचा खेळाडू थेट दुसऱ्या ब्लू लाइनपाशी पास मारू शकतो. खेळ सुंदर झाला, यात शंका नाही. पण लाइन्समनला त्या रेषेवर पकच्या आधी असावं लागतं, कारण ऑफसाइड रेषेवरून बघायचा असतो. एका हाताने फेकल्यासारखा सरळ येणारा पास आणि माणसाचे पाय यांची शर्यत लागली. आमच्या ज्युनियरमध्येही खेळ तसाच वेगवान होत गेला. मी तेव्हा चाळिशीला टेकलो होतो.

अनुभवी माणूस अशा वेळी काय करतो? तो आधी निघतो. घाटातला जुना ड्रायव्हर वळण दिसायच्या आत गिअर बदलतो, तसं. बचावपटूने डोकं वर केलं, समोरचा विंगर बोर्डाला चिकटून सुटला, की पास येणार हे त्याला कळतं आणि तो तीन पावलं आधीच रेषेकडे सरकलेला असतो. वेग कमी झालेला कोणाच्या लक्षातही येत नाही. निरीक्षक कागदावर लिहितो, जागा उत्तम. पाय कमी पडतात तिथे नजर भर घालते, आणि असं कितीतरी हंगाम निभावतं.

माझे पाय कमी पडत आहेत हे सगळ्यात आधी ओळखलं ते स्केट्सना धार लावणाऱ्या माणसाने. स्केटचं पातं खालून सपाट नसतं. त्याला लांबीभर एक पन्हळ असते आणि तिच्या दोन कडा बर्फात रुततात. पन्हळ खोल असेल तर कडा जास्त चावतात, झटकन वळता येतं, पण ताकद जास्त लागते. उथळ असेल तर पातं घसरत छान जातं, दम वाचतो. पंच सहसा खेळाडूंपेक्षा उथळच घेतात. आमच्या गावातल्या दुकानात मी वर्षानुवर्षं एकाच माणसाकडे जायचो. तो पातं उजेडात धरून एका डोळ्याने बघायचा, त्यावर एक नाणं आडवं ठेवून दोन्ही कडा सारख्या आहेत का ते तपासायचा, नखाची कड त्यावरून ओढायचा. एका सप्टेंबरला मी सांगायच्या आत तो म्हणाला, यंदा अजून थोडी उथळ करू ना? मी हो म्हटलं. दोघंही पुढे काही बोललो नाही.

त्यानंतर दोन-तीन हंगामांनी प्लेऑफमधला, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांमधला एक सामना. तिसरा डाव, बरोबरी. समोरून लांबचा पास आला. मी रेषेपासून दोन पावलं मागे होतो. त्या दोन पावलांवरून स्केट आणि रेषा यांच्यातली फट दिसत नाही, कोन चुकतो. पण विंगरने मांडी आडवी केली होती, तो थांबून पाय ओढत होता, म्हणजे तो आत गेलेला नाही हे मला ठाऊक होतं. मी दोन्ही हात पसरले, सेफ. त्याच चढाईत गोल झाला. विरोधी प्रशिक्षक बाकावर चढून ओरडत होता. नंतर चित्रीकरण पाहिलं. निर्णय बरोबर होता, अगदी चार बोटांनी बरोबर. निरीक्षकाने खोलीत येऊन पाठ थोपटली.

त्या रात्री मला झोप आली नाही. निर्णय बरोबर होता, पण मी तो पाहिला नव्हता. मी तो ओळखला होता. वीस वर्षं मी तरुण पंचांना सांगत आलो होतो, दिसलं तेवढंच द्या, वाटलं ते देऊ नका. खेळाडू त्यांचा सगळा हंगाम आपल्या हातात ठेवतात ते आपण पाहतो म्हणून. आपला अंदाज चांगला आहे म्हणून नव्हे. घरी येऊन मी बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, “बरोबर आलं ना? मग झोप की.” थोड्या वेळाने अंधारातच म्हणाली, “तुझं ठरलंय वाटतं.” ठरलं होतं. पुढचा एक हंगाम मी केला, संघटनेला माणूस शोधायला वेळ मिळावा म्हणून, आणि मेजर ज्युनियर सोडलं.

मला कोणी सोड म्हणून सांगितलं नव्हतं. उलट राहा म्हणाले. अजून पाच वर्षं सहज निघतील असं म्हणाले, आणि ती निघालीही असती. म्हणूनच हे ज्याचं त्याने ओळखावं लागतं. ज्या कामात अनुभव कमीपणा झाकतो, त्या कामात झाकलेलं फक्त आपल्यालाच दिसतं.

सगळ्यांना ही निवड मिळत नाही. २०१६ च्या जानेवारीत कॅलगरीत एनएचएलच्या सामन्यात लाइन्समन डॉन हेंडरसन यांना एका खेळाडूने मागून जोरात धडक दिली. खेळाडूला आधी २० सामन्यांची बंदी झाली, लवादाने ती १० वर आणली. तो पुन्हा खेळला. हेंडरसन यांच्या मानेवर शस्त्रक्रिया झाली आणि एनएचएलच्या बर्फावर ते परत आले नाहीत. ते चित्रीकरण मी एकदा पाहिलं, पुन्हा पाहू शकलो नाही. आणि १९५९ सालचे एनएचएलचे रेफरी रेड स्टोरी आठवतात. शिकागोतल्या प्लेऑफच्या सामन्यानंतर लीगच्या अध्यक्षांनीच त्यांच्या निर्णयांवर टीका केली आणि ती वर्तमानपत्रात छापून आली. स्टोरींनी त्याच वेळी राजीनामा दिला, ऐन प्लेऑफमध्ये, आणि परत आले नाहीत. प्रेक्षकांच्या शिव्या पंच आयुष्यभर पचवतो. आपल्याच घरच्यांनी हात सोडला तर मात्र त्याला उभं राहायला जागा उरत नाही. मी त्यांना पूर्ण समजू शकतो.

घरच्यांचं म्हणायचं तर खऱ्या घरच्यांचंही सांगायला हवं. एनएचएलच्या पंचाला घरचं मैदान नसतं. संघ निम्मे सामने आपल्या गावात खेळतो, पंचाचा जवळजवळ प्रत्येक सामना परगावी. ऑक्टोबर ते एप्रिल आणि पुढे प्लेऑफ. आमच्यासारख्या अर्धवेळ पंचांचं तेवढं नसलं, तरी हंगाम सप्टेंबरात उघडतो आणि आमचे सणही तिथेच सुरू होतात. मराठी मंडळाचा गणपती शनिवारी, मुलांचे कार्यक्रम शनिवारी, दिवाळीचं जेवण शनिवारी. त्या सगळ्या शनिवारी मी ४०१ नंबरच्या महामार्गावर असायचो, बर्फ पडत असेल तर ट्रकच्या मागच्या दिव्यांवर डोळे लावून. घरच्या गणपतीची आरती मुलगी मोठ्याने म्हणायची आणि मी पार्किंगमध्ये गाडीत बसून फोनवर ऐकायचो. बायकोने कधी बोलून दाखवलं नाही. पण मेजर ज्युनियर सोडल्यावर पहिल्या गणपतीला तिने मखराचं सगळं काम माझ्यावर टाकलं आणि स्वतः मैत्रिणींबरोबर नाटकाला गेली. तिचा तो हक्कच होता.

पंचाच्या शेवटच्या सामन्यानंतर दोन्ही संघांचे खेळाडू ओळीने येऊन त्याच्याशी हात मिळवतात, अशी मोठ्या लीगमध्ये रीत आहे. ज्युनियरमध्येही माझ्यासाठी मुलांनी ती पाळली. त्यातल्या काहींना मी त्याच संध्याकाळी पेनल्टी बॉक्सपर्यंत पोहोचवलं होतं. तो दिवस चांगला गेला. कठीण होता तो पुढचा सप्टेंबर. शरीराला निवृत्ती कळत नाही. ऑगस्ट संपला की पाय आपोआप तयारी मागतात. बोटात अडकवायची शिट्टी मी गाडीच्या कप्प्यात ठेवली होती, सिग्नलला थांबलो की हात तिच्याकडे जायचा. खोलीतली माणसं सगळ्यात जास्त आठवायची. चार माणसं, एक ओलसर रबरी चटई, कोणाच्या तरी बुटांचा वास, आणि बाहेर दोन हजार लोक आपल्याला नावं ठेवत असताना आत कोणीतरी सांगितलेला किस्सा. बाहेरचे सगळे विरुद्ध असले की आतली मैत्री फार घट्ट होते.

मी देखरेखीच्या कामाला लागलो. वर स्टँडमध्ये बसून, वही गुडघ्यावर ठेवून. आणि तिथून मला ते दिसलं जे बर्फावरून कधी दिसलं नव्हतं. मी इतकी वर्षं पन्नाशीतल्या निवृत्तीचा विचार करत होतो. माझ्या डोळ्यांसमोर झालेल्या निवृत्ती मात्र बहुतेक पंधरा-सोळाव्या वर्षी झालेल्या होत्या.

दर शरद ऋतूत नवी मुलं येतात. चौदा-पंधरा वर्षांची, पट्ट्यापट्ट्यांचा सदरा अंगात सैल, शिट्टी फुंकताना गाल फुगलेले. आठ-नऊ वर्षांच्या पोरांचे सामने त्यांना देतात. पोरं कधी काही बोलत नाहीत. बोलतात ते काचेपलीकडचे बाप आणि बाकावरचे प्रशिक्षक. कोणी काच बडवतं, कोणी खोलीच्या दारापर्यंत येतं. जानेवारी येईपर्यंत त्यातली बरीच मुलं दिसेनाशी होतात. कोणी राजीनामा देत नाही, पुढचे सामने नको एवढंच कळवतात. कॅनडात काही ठिकाणी १८ वर्षांखालच्या पंचांना दंडावर हिरवी पट्टी देतात, समोर लहान मूल आहे हे मोठ्यांच्या लक्षात राहावं म्हणून. चांगली गोष्ट आहे. पण मोठ्या माणसाला समोरचं मूल ओळखायला पट्टी लागावी, याचं मला वाईट वाटतं.

एकदा मंडळाच्या कार्यक्रमात ओळखीतली एक आई मला बाजूला घेऊन म्हणाली, “दादा, तुम्ही त्याला सांगा ना. रात्री झोपत नाहीये. मी म्हटलं सोड, तर म्हणतो काका काय म्हणतील.” तिचा मुलगा पंधरा वर्षांचा. मीच त्याला या कामात आणलं होतं. त्याचं स्केटिंग माझ्या त्या वयातल्या स्केटिंगपेक्षा कितीतरी चांगलं होतं. मी त्याच्याशी बोलायला गेलो. तो बुटांकडे बघत म्हणाला, “काका, ते मला कारपर्यंत ओरडत आले. आणि माझ्याबरोबर जो होता तो पण पंधराचाच होता. आम्ही दोघंच होतो.”

हे त्याचं शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. आम्ही दोघंच होतो. चौदाव्या वर्षी माझ्याही मागे एक बाप दारापर्यंत आला होता. पण माझ्याबरोबर पन्नाशीचा एक पोस्टमन होता. तो काही न बोलता माझ्या आणि त्या माणसाच्या मध्ये येऊन उभा राहिला आणि आपले स्केट्स सोडू लागला. एक-एक नाडी, अगदी सावकाश. तो बाप थकून निघून गेला. मग पोस्टमन मला म्हणाला, दुसऱ्या डावातला तो ऑफसाइड छान पाहिलास. मी चाळीस वर्षं टिकलो याचं श्रेय मी माझ्या पायांना किंवा नजरेला देत नाही, त्याला देतो. तो मोठ्या लीगमध्ये कधी गेला नाही. त्याचे पाय तेव्हाच संपले होते. तो मुलांच्या सामन्यांना येत होता म्हणून मी उरलो.

त्या मुलाला मी सोडू नकोस म्हणालो नाही. तो सोडून गेला. आता पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक आहे, खुश आहे.

त्यानंतर मी सामने वाटणाऱ्यांच्या मागे लागलो. पहिल्या वर्षाच्या मुलाबरोबर दुसरं पहिल्या वर्षाचं मूल लावू नका. त्याच्याबरोबर असा माणूस लावा ज्याचे पाय उतरले आहेत आणि नजर शाबूत आहे. नऊ वर्षांच्या मुलांच्या सामन्याला कितीसे पाय लागतात? आणि काचेपलीकडे ओरडणाऱ्या बापाकडे वळून शांतपणे बघायला तीस वर्षांचा अनुभवच लागतो. आमची वरची लीग सोडलेली माणसं एकतर पूर्ण थांबतात किंवा स्टँडमध्ये वही घेऊन बसतात. माझ्यासारखी. वहीतून सूचना देता येतात, पण खोलीच्या दारात उभं राहता येत नाही. म्हणून मी पुन्हा स्केट्स चढवले, शनिवारी सकाळच्या सामन्यांपुरते. धार खूप उथळ.

सगळ्यांना हे पटत नाही. माझ्याबरोबर वीस वर्षं काम केलेला एक मित्र फोनवर म्हणाला, इतकी वर्षं ज्युनियरचे अंतिम सामने केल्यावर आता बारक्या पोरांचे? त्याचं मानी मन मी ओळखतो. या कामात मान टिकवूनच माणूस टिकतो, आणि त्या मानाला हे खाली उतरल्यासारखं वाटतं. मी त्याला एका सकाळी सोबत नेलं. पहिल्या वर्षाची एक मुलगी होती, ऑफसाइडला शिट्टी वाजवायची आणि हात वर करायला विसरायची. दुसऱ्या डावात तो तिच्याजवळ जाऊन काहीतरी बोलला. तिसऱ्या डावात तिचा हात दर वेळी सरळ वर गेला. सामना संपल्यावर त्याने मला विचारलं, पुढच्या शनिवारी किती वाजता?

या हंगामातही सकाळच्या सामन्यांना अशी माणसं पुरत नाहीत. आमच्या भागात गेल्या दोन-तीन वर्षांत शिट्टी खाली ठेवलेल्यांची यादी मी केली आहे आणि रोज संध्याकाळी त्यातल्या एक-दोघांना फोन करतो आहे. काहींचे गुडघे खरंच गेलेत, त्यांना मी आग्रह करत नाही. बाकीच्यांना सांगतो, सात वाजताचा सामना आहे, पाऊण तास आधी या, मुलाला स्केट्स नीट बांधता येत नाहीत.